फाइल ‘पुसणे’ म्हणजे काय? : आज्ञेच्या ओळीवरून फाइली काढण्याचे निरनिराळे मार्ग

मराठीत आपण पाटीवरची अक्षरे पुसतो, वहीतील ओळ खोडतो, हजेरीपटावरून नाव काढतो, नको असलेले कागद रद्दीत टाकतो आणि दुसऱ्याच्या हाती पडू नये असे पत्र जाळतो. ह्या पाच क्रिया भिन्न आहेत हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. हजेरीपटावरून नाव काढले म्हणून मुलगा नाहीसा होत नाही आणि रद्दीत टाकलेला कागद जळालेला नसतो. संगणकाच्या व्यवहारात मात्र ह्या सर्व क्रियांवर ‘डिलीट’ हा एकच शिक्का बसला आणि त्यामुळे मोठा घोटाळा झाला. जे कायमचे गेले असे वाटते ते पुष्कळदा शिल्लक असते. आणि जे परत मिळेल अशी खात्री असते ते पार नाहीसे झालेले असते. संगणकास आज्ञा देणाराने आपणास ह्या पाचांपैकी नेमके काय करावयाचे आहे हे आधी ठरविले पाहिजे. त्या त्या हेतूसाठी निराळी आज्ञा आहे, आणि त्या आज्ञांचा परिचय करून देणे हा ह्या पुस्तिकेचा विषय आहे.

आज्ञेची ओळ, म्हणजेच कमांड लाइन, ही संगणकाशी बोलण्याची जुनी पद्धत होय. पडद्यावरील चित्रावर माउसने टिचकी मारण्याऐवजी येथे आज्ञा अक्षरांनी टंकावयाची असते. ‘शेल’ नावाचा एक प्रोग्रॅम ती ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि योग्य त्या प्रोग्रॅमकडे काम सोपवितो. ही पद्धत आजही जिवंत आहे. केरळातील सरकारी शाळांत वापरली जाणारी लिनक्स प्रणाली घ्या, सी-डॅक संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली घ्या, किंवा जगातील मोठमोठी माहितीकेंद्रे घ्या. ह्या सर्वांत पुढे सांगितलेल्या आज्ञा जवळजवळ जशाच्या तशा चालतात. ह्या पुस्तिकेत आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर टंकताना मात्र त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहावयाच्या आहेत. उदाहरणार्थ, ‘आरएम’ म्हणजे आर आणि एम ही दोन रोमन अक्षरे. फाइलींची नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. त्यातून उद्भवणाऱ्या एका गमतीचा उल्लेख पुढे येईल.

नाव आणि वस्तू

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी 1969 पासून युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे आणि तीत आरएम ही आज्ञा आढळते. ‘रिमूव्ह’, म्हणजे काढणे, ह्या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. तेथेच तिच्याविषयी ‘अनलिंक’, म्हणजे दुवा सोडविणे, असा दुसरा शब्दही योजलेला आहे. रचनाकारांच्या दृष्टीने खरा अर्थ हा दुसराच होता, आणि पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी तो बदललेला नाही.

तो समजण्यास ग्रंथालयाचा दाखला पुरेसा आहे. ग्रंथ फडताळात असतो; तालिकेच्या खणात त्याचे कार्ड असते. कार्डावर ग्रंथाचे नाव आणि फडताळाचा क्रमांक. एकाच ग्रंथाची ग्रंथकारानुसार एक, विषयानुसार दुसरे अशी अनेक कार्डे असू शकतात. युनिक्स घराण्यातील प्रणालींत निर्देशिका, म्हणजे ज्याला आपण फोल्डर म्हणतो ती, ह्या कार्डांचा खण होय. तीत फक्त नाव आणि एक क्रमांक एवढेच नोंदलेले असते. त्या क्रमांकाच्या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. फाइल किती मोठी आहे, कोणाच्या मालकीची आहे, तिचा मजकूर डिस्कवर कोठे कोठे ठेवला आहे, हे सर्व आयनोडमध्ये असते. नाव तेवढे तेथे नसते. शिवाय आपल्याकडे किती कार्डे बोट दाखवीत आहेत, ह्याची मोजणी आयनोड राखून असतो. तिला दुवा-संख्या म्हणू.

आरएम ही आज्ञा खणातील एक कार्ड काढून घेते आणि दुवा-संख्या एकाने कमी करते. एवढेच तिचे काम. संख्या शून्यावर आली म्हणजे प्रणाली ती जागा मोकळी झाली असे समजते व पुढे केव्हातरी तेथे नवा मजकूर लिहिते. मध्यंतरी जुना मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो.

वाचकाने हे स्वतः करून पाहावे. प्रयोगासाठी एक रिकामी निर्देशिका करावी, म्हणजे चूक झाली तरी काही बिघडणार नाही. पुढील ओळी एकामागून एक द्याव्यात :

एमकेडीआयआर सराव
सीडी सराव
एको नमस्कार > पहिली
एलएन पहिली दुसरी
एलएस -एल -आय

पहिल्या दोन ओळींनी ‘सराव’ ही निर्देशिका तयार होऊन आपण तीत जातो. तिसरीने ‘पहिली’ नावाची फाइल होऊन तीत ‘नमस्कार’ हा शब्द पडतो. चौथीने त्याच फाइलीला ‘दुसरी’ हे आणखी एक नाव मिळते. पाचवी ओळ यादी दाखविते. यादीत दोन्ही नावांपुढे आयनोडचा क्रमांक अगदी एकच दिसेल आणि दुवा-संख्या 2 असेल. आता ‘आरएम पहिली’ अशी आज्ञा देऊन मग ‘कॅट दुसरी’ असे टंकावे. पडद्यावर ‘नमस्कार’ उमटतो. फाइल ‘काढली’ आणि ती गेली नाही.

ह्या रचनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि नवशिक्यास ती नेहमी चकविते. एखादी फाइल ‘केवळ वाचनासाठी’ म्हणून ठेवली, तिच्यात कोणास एक अक्षरही बदलता येऊ नये अशी व्यवस्था केली, तरी ती काढून टाकता येते. कारण कार्ड काढणे हा ग्रंथातील बदल नसून खणातील बदल आहे. म्हणून अनुमती निर्देशिकेची लागते, फाइलीची नव्हे. अशा फाइलीबद्दल आरएम एकदा विचारते खरे, पण ते सौजन्य म्हणून. प्रणालीचा अडसर तेथे नसतो. अनेकांनी मिळून वापरावयाच्या ‘टीएमपी’ ह्या सामाईक निर्देशिकेवर म्हणूनच एक खास खूण लावलेली असते. तिच्यामुळे तेथील फाइल तिचा मालक, निर्देशिकेचा मालक किंवा यंत्राचा मुख्य व्यवस्थापक ह्यांनाच काढता येते. ज्या फाइलीला खरोखरच हात लागू नये, तिला लिनक्समध्ये ‘सीएचएटीटीआर +आय फाइलीचे नाव’ ह्या आज्ञेने अचल करता येते. व्यवस्थापकाने ती खूण उतरवीपर्यंत मग तीत बदलही होत नाही आणि तिचे नावही निघत नाही.

फाइल गेली, जागा मिळाली नाही

वाचनालयातून कार्ड काढले, परंतु एक वाचक त्या क्षणी तोच ग्रंथ उघडून बसलेला आहे. त्याच्या हातून तो हिसकावून घ्यावा काय? युनिक्सच्या रचनाकारांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. दुवा-संख्या शून्य झाली तरी जोवर एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली आहे, तोवर तिचा मजकूर राखला जातो. नियम शहाणपणाचा आहे, पण त्यातून एक नेहमीची अडचण उद्भवते. मोठ्या यंत्रावरील प्रोग्रॅम आपली दैनंदिनी एका फाइलीत अखंड लिहीत असतात. ती फुगून डिस्क भरली की व्यवस्थापक घाईने आरएम चालवितो. यादीतून फाइल नाहीशी होते, पण ‘डीएफ’ ही मोकळी जागा दाखविणारी आज्ञा पूर्वीचाच आकडा दाखविते, आणि मग नवखा मनुष्य गोंधळून आणखी चार फाइली काढतो.

येथे योग्य उपाय काढण्याचा नसून रिकामी करण्याचा आहे. ‘ट्रंकेट -एस 0 फाइलीचे नाव’ ही आज्ञा नाव, आयनोड, अनुमती सर्व तसेच ठेवून मजकूर तेवढा शून्य करते. पाटी फोडून न टाकता पुसण्याची ही क्रिया होय, आणि ‘पुसणे’ हा शब्द खऱ्या अर्थाने येथेच शोभतो. मजकूर हवा असेल तर अर्थात तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा.

ह्याच नियमाची दुसरी बाजू सुखाची आहे. चुकून काढलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅमने अद्याप उघडी ठेवली असेल, तर तो प्रोग्रॅम बंद करू नये. ‘एलएसओएफ’ ही आज्ञा अशा निनावी उघड्या फाइली दाखविते. लिनक्समध्ये ‘प्रोक’ ह्या निर्देशिकेत त्या प्रोग्रॅमच्या क्रमांकाखाली ‘एफडी’ नावाचा खण असतो. तेथून मजकुराची प्रत करून घेता येते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ही वाट बुजते. घाबरलेला मनुष्य नेमके तेच प्रथम करतो.

एक मोकळी जागा

निर्देशिकेसह तिच्या पोटातील सर्व काही काढावयाचे असल्यास आरएमला ‘-आर’ हा विकल्प जोडतात. ‘-एफ’ जोडला की ती काहीही न विचारता काम करते आणि नसलेल्या फाइलीबद्दल तक्रारही करीत नाही. हे दोन्ही एकत्र आले म्हणजे आज्ञा अतिशय सोयीची आणि तितकीच घातक होते. ‘जीएनयू’ प्रकल्पाच्या आरएमचा सध्याचा अवतार मूळ निर्देशिका, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेने दर्शविली जाणारी सर्वांची जननी, अशा प्रकारे काढण्यास नकार देतो. मात्र तिरक्या रेघेपुढे तारका टंकली तर हे संरक्षण मिळत नाही. कारण तारकेचा अर्थ आरएम लावीतच नाही. शेल तारकेच्या जागी तेथील सर्व नावे भरतो आणि ती भरलेली यादी आरएमच्या हाती देतो. ती यादी तारकेतून आली की कोणी विचारपूर्वक लिहिली, हे आरएमला कळावयास मार्ग नाही.

2011 मध्ये ‘बम्बलबी’ ह्या लिनक्सवरील एका प्रोग्रॅमच्या लिपीत, म्हणजे आज्ञांच्या तयार यादीत, ‘यूएसआर’ ह्या निर्देशिकेच्या आत खोलवर असलेली एक जुनी वस्तू काढण्याची आज्ञा होती. तीत ‘यूएसआर’ ह्या नावानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू होणे. परिणामी, वापरणारांच्या यंत्रावरील संपूर्ण ‘यूएसआर’ निर्देशिका, जीत प्रणालीचे बहुतेक प्रोग्रॅम असतात, निघून गेली. 2015 मध्ये ‘स्टीम’ ह्या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीत निराळी चूक निघाली. लिपीतील एका चलाच्या जागी निर्देशिकेचे नाव यावयाचे होते. विशिष्ट परिस्थितीत ते चल रिकामेच राही आणि मागे उरे ती फक्त तिरकी रेघ व तारका. लिपी लिहिणाराने तिच्या आरंभी ‘सेट -यू’ ही ओळ लिहावी, म्हणजे मूल्य न दिलेले चल भेटताच शेल थांबतो. चलाला मूल्य दिले आहे पण ते कोरे आहे, ही शक्यता तरीही राहते. तिची तपासणी वेगळी करावी लागते.

चूक केवळ अक्षरांचीच होते असे नाही. 31 जानेवारी 2017 रोजी ‘गिटलॅब’ ह्या संस्थेतील एक अभियंता रात्री उशिरापर्यंत बिघाडाशी झुंजत होता. राखीव यंत्रावरील माहितीची निर्देशिका रिकामी करून ती नव्याने भरावयाची, असा त्याचा बेत. आज्ञा बरोबर होती, यंत्र चुकले. ती मुख्य यंत्रावर दिली गेली. एकदोन सेकंदांतच चूक ध्यानात येऊन त्याने काम थांबविले, तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले होते. नेहमीच्या सुरक्षा-प्रती पाहू जाता, त्या घेण्याची व्यवस्था कोणाच्या ध्यानात न येता बंद पडलेली आढळली. सुदैवाने त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. त्या सहा तासांतील माहिती मात्र गेली. संस्थेने हा सारा वृत्तांत स्वतः होऊन जगापुढे मांडला, ही गोष्ट प्रशंसनीय म्हटली पाहिजे. असे वृत्तांत इतरांस पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवितात.

कमी अधिकाराच्या आज्ञा

ज्या कामास चाकू पुरतो तेथे कुऱ्हाड उचलू नये. रिकामी निर्देशिका काढावयाची असेल तर आरएमचा ‘-आर’ विकल्प वापरण्याची सवयच लावून घेऊ नये; त्यासाठी ‘आरएमडीआयआर’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. निर्देशिकेत एक जरी वस्तू असली तरी ती काम नाकारते. हा नकार म्हणजे तिचा दोष नव्हे, गुण आहे. निर्देशिका रिकामी आहे अशी आपली समजूत आणि वस्तुस्थिती ह्यांत फरक असला, तर तो येथे फुकटात कळतो. त्याचप्रमाणे ‘अनलिंक’ नावाची आज्ञा एका वेळी एकच नाव घेते. दोन नावे दिली की ती चूक दाखवून थांबते. म्हणजे बम्बलबीची मोकळी जागा येथे निरुपद्रवी ठरली असती. निर्देशिकेस ती हात लावीत नाही आणि काही विचारीतही नाही. लिपींमध्ये एकच ठराविक फाइल काढावयाची असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते हिची योजना आरएमपेक्षा अधिक वेळा व्हावयास हवी.

प्रत्येक नावाबद्दल ‘काढू काय?’ असे विचारावयास लावणारा ‘-आय’ हा विकल्प सर्वांस ठाऊक असतो. त्याचा दोष असा की, पन्नास वेळा प्रश्न आला म्हणजे मनुष्य न वाचताच होकार देऊ लागतो. म्हणून जीएनयूच्या आरएममध्ये मोठ्या आय अक्षराचा विकल्प ठेवला आहे. तीनपेक्षा अधिक फाइली असतील किंवा निर्देशिका पोटासह काढावयाची असेल, तर तो एकदाच प्रश्न विचारतो. एकच प्रश्न असल्याने तो वाचला जातो. तारका वापरण्यापूर्वी आरएमच्या जागी ‘एलएस’ लिहून तीच ओळ एकदा चालवून पाहावी, म्हणजे कोणती नावे जाणार ती आधी दिसतात.

याहून उत्तम उपाय म्हणजे प्रथम काढूच नये. ‘एमव्ही’ ह्या स्थलांतराच्या आज्ञेने नको असलेल्या वस्तू ‘रद्दी’ नावाच्या निर्देशिकेत हलवाव्यात. डिस्कच्या त्याच विभागात हे स्थलांतर म्हणजे केवळ एका खणातील कार्ड दुसऱ्या खणात ठेवणे असल्याने, फाइल कितीही मोठी असली तरी ते क्षणात होते. आठवड्याने कोणास काही कमी पडले नाही असे दिसले म्हणजे रद्दी खुशाल काढावी. हीच कल्पना पद्धतशीर रूपात ‘ट्रॅश-सीएलआय’ ह्या प्रोग्रॅमसंचात आहे. त्यातील ‘ट्रॅश-पुट’ फाइल टोपलीत टाकते, ‘ट्रॅश-लिस्ट’ टोपलीची यादी दाखविते, ‘ट्रॅश-रिस्टोअर’ हवी ती परत जागच्या जागी ठेवते, आणि ‘ट्रॅश-एम्प्टी’ टोपली रिकामी करते. टोपलीत प्रत्येक फाइलीसोबत एक लहानशी चिठ्ठी राहते. मूळ ठिकाण आणि टाकल्याची वेळ तिच्यावर असते. पडद्यावर दिसणारी कचऱ्याची टोपली बहुधा हीच असते. ॲपलच्या ‘लिसा’ ह्या 1983 च्या संगणकापासून ही टोपली पडद्यावर आहे. आज्ञेच्या ओळीवर मात्र ती मुद्दाम मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि टोपलीने जागा मोकळी होत नाही, हेही विसरू नये.

विंडोज प्रणालीतही हाच भेद आहे. तेथील ‘डेल’ ही आज्ञा पडद्यावरील ‘रिसायकल बिन’ला वळसा घालून जाते. तिच्या नव्या ‘पॉवरशेल’मध्ये ‘रिमूव्ह-आयटेम’ ही आज्ञा असून तिला ‘-व्हॉटइफ’ हा सुरेख विकल्प आहे. तो दिला असता आज्ञा काहीही न काढता, काय काढले असते तेवढे सांगते.

पुष्कळ फाइली आणि अवघड नावे

एखाद्या निर्देशिकेत लाखो फाइली साठल्या म्हणजे ‘आरएम *’ चालत नाही. यादी फार लांब झाली, असे उत्तर येते. शेलने भरलेली नावांची यादी प्रणालीच्या मर्यादेपलीकडे जाते. आजच्या लिनक्समध्ये ही मर्यादा सामान्यतः 20,97,152 बाइट असते. अशा वेळी ‘फाइंड’ कामी येते. ती निर्देशिका स्वतः चाळते, अटीत बसणारी नावे एकेक करून हाताळते आणि लांब यादी बनवीतच नाही :

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -एमटाइम +30 -प्रिंट

येथील बिंदू म्हणजे चालू निर्देशिका. नाव ‘.टीएमपी’ने संपणाऱ्या आणि तीस दिवसांहून अधिक काळ न बदललेल्या फाइली ही ओळ केवळ दाखविते. यादी नजरेखालून घातल्यावर शेवटच्या ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ लिहिले की त्याच फाइली निघतात. फाइंड आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते, ही गोष्ट येथे कळीची आहे. ‘-डिलीट’ हा शब्द अटींच्या आधी लिहिला गेला, तर अटी तपासण्यापूर्वीच प्रत्येक वस्तू काढली जाते. शब्द तेच, क्रम निराळा, आणि सारी निर्देशिका साफ! म्हणून ‘-डिलीट’ नेहमी ओळीच्या शेवटीच असावे.

नाव आडण्याने सुरू होत असेल तर आरएम त्यास विकल्प समजते. त्यावर ‘आरएम ./-नाव’ असे आधी स्थळ लिहिणे हा सोपा तोडगा आहे. नावात मोकळी जागा असेल तर संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे. नाहीतर ‘हिशोब जुना’ ही एक फाइल काढू जाता ‘हिशोब’ आणि ‘जुना’ ह्या दोन निराळ्या फाइली जातील.

देवनागरी नावांची गंमत ह्याहून सूक्ष्म आहे. ‘चाऱ्या’ ह्या नावातील ऱ्या दोन प्रकारांनी टंकता येतो : एक, युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेले ‘ऱ’ हे अक्षर वापरून, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. परंतु लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्था नावातील बाइट तेवढे मोजतात, रूप पाहत नाहीत. म्हणून एकाने पहिल्या रीतीने ठेवलेली ‘चाऱ्या’ ही फाइल दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकून काढू पाहिली, तर ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर मिळते आणि फाइल तर समोर दिसत असते! अशा वेळी नावाचा नाद सोडून वस्तूचा क्रमांक धरावा. ‘एलएस -आय’ने आयनोडचा क्रमांक पाहावा, तो समजा 41237 आला, तर ‘फाइंड . -आयनम 41237 -डिलीट’ अशी आज्ञा द्यावी. कार्डावरील हस्ताक्षर लागत नसले, तरी फडताळाचा क्रमांक वाचता येतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि नावाची मर्यादा बहुधा 255 बाइट असते. म्हणजे काना-मात्रा धरून 85 चिन्हांत नाव आटोपले पाहिजे.

जाळणे

आतापर्यंत पाहिलेल्या कोणत्याही आज्ञेने मजकूर नष्ट होतोच असे नाही. एमएस-डॉसमध्ये फाइल काढली म्हणजे निर्देशिकेतील तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे एका खुणेने झाकले जाई. पीटर नॉर्टन ह्यांनी 1982 मध्ये ‘अनइरेज’ हा प्रोग्रॅम विकावयास काढला, तो ह्याच जोरावर. लिनक्सच्या आजच्या फाइलव्यवस्थेत आयनोडमधील पत्तेही मिटविले जातात, त्यामुळे परत मिळविणे बरेच अवघड झाले आहे; तथापि मजकुराचे तुकडे डिस्कवर शोधणारे प्रोग्रॅम आहेतच.

मजकुरावर दुसरे काही लिहून तो झाकावयाचा असेल तर ‘श्रेड’ ही आज्ञा आहे. ती फाइलीच्या जागी तीन वेळा यदृच्छ अक्षरे लिहिते, आणि ‘-यू’ दिल्यास शेवटी नावही काढते. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या डिस्कवर हा उपाय पुष्कळसा चालतो. नव्या घन-अवस्थेतील डिस्कवर, ज्यांना एसएसडी म्हणतात, तो भरवशाचा राहिलेला नाही. ह्या डिस्कचा प्रत्येक कप्पा मर्यादित वेळाच लिहिता येतो. म्हणून झीज सर्वत्र सारखी व्हावी अशा बेताने तिचा आतील नियंत्रक प्रत्येक नवे लेखन निराळ्या कप्प्यात करतो. आपण ‘त्याच जागी’ लिहावे आणि त्याने ते दुसरीकडेच ठेवावे, असा प्रकार होतो. जुना कप्पा आज्ञेच्या ओळीच्या आवाक्याबाहेर तसाच राहतो. जुना मजकूर न खोडता नवी प्रत मांडणाऱ्या ‘बीटीआरएफएस’सारख्या फाइलव्यवस्थांतही श्रेड ह्याच कारणाने व्यर्थ ठरते.

शाळेने किंवा वाचनालयाने जुने यंत्र विकताना हा मुद्दा फार महत्त्वाचा होतो. मुलांचे पत्ते, गुणपत्रके, सभासदांच्या नोंदी त्या डिस्कवर असतात, आणि आरएमने त्या ‘काढून’ यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कार्डे जाळून ग्रंथ रस्त्यावर ठेवणे होय. खरा उपाय आरंभीच करावयाचा आहे. यंत्र वापरात घेतानाच संपूर्ण डिस्क सांकेतिक लिपीत राहील अशी व्यवस्था करावी. लिनक्समध्ये ‘लक्स’ नावाची अशी व्यवस्था प्रणाली बसवितानाच निवडता येते. मग यंत्र विकतेवेळी हजारो फाइलींच्या मागे न लागता केवळ सांकेतिक किल्ली असलेला डिस्कचा छोटासा भाग नष्ट करावा लागतो, म्हणजे उरलेला सर्व मजकूर निरर्थक बाइटांचा ढीग होतो. किल्लीची प्रत अन्यत्र ठेवली असेल तर तीही अर्थात नष्ट करावी. ज्या यंत्रावर आधीपासून अशी व्यवस्था नव्हती, त्याच्या एसएसडीला कारखान्यानेच पुरविलेली संपूर्ण मार्जनाची आज्ञा असते, ती वापरावी. तिचाही भरवसा वाटत नसेल तर डिस्क बाहेर काढून तिचे तुकडे करावेत आणि यंत्र तिच्यावाचून विकावे.